रविवारी पाहुणे येणार, तर आंबे कोणत्या वारी आणावेत?

उन्हाळा सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत आंब्याचा वाटा सर्वांत मोठा असतो. या वेळची पत्रे सलग वाचताना असे जाणवले की बहुतेकांना आंबा पारखता येतो आणि चिरताही येतो. अडचण होते ती ठरलेल्या दिवशी तो नेमका तयार असण्याची. घरी पंधरा-वीस किंवा त्याहून अधिक माणसे जमणार असतात आणि आंबे एक तर दगडासारखे टणक राहतात, नाही तर आदल्या रात्रीच उतरू लागतात. पुढील उत्तरे लिहिताना म्हणूनच फळाइतकेच लक्ष कॅलेंडरकडेही ठेवले आहे.

प्रश्न : पुढील महिन्यात एका रविवारी दुपारी आमच्याकडे सुमारे तीस जण जमणार आहेत. जेवणानंतर दुसरे काहीही न ठेवता केवळ आंबा द्यावा, असा विचार आहे. किती आंबे लागतील आणि ते किती दिवस आधी आणावेत?

प्रथम हिशेब करू. केवळ आंबाच द्यायचा असेल तर माणशी १५० ग्रॅम गर पुरेसा होतो. म्हणजे तिसांसाठी साडेचार किलो. साल आणि कोय वजा जाता आंब्याच्या वजनापैकी साधारण ६० ते ७० टक्के गर हाती येतो. कोय पातळ असलेल्या जातीत तो याहून थोडा अधिक मिळतो, तर जाड सालीच्या, मोठ्या बाठ्याच्या जातीत कमी. या मापाने सुमारे सात किलो फळे लागतील. त्यात आतून खराब निघणारी, फार पिकलेली किंवा मागे राहिलेली फळे गृहीत धरून एक किलो अधिक घ्यावा. एक फळ २५० ग्रॅमचे असेल तर आठ किलोंत बत्तीस फळे येतात. अर्धा किलोचे असेल तर सोळाच. संख्येवर खरेदी करणाऱ्यांची गफलत इथेच होते. ‘तीस माणसे, म्हणून तीस आंबे’ हा हिशेब एका जातीला बरोबर ठरतो आणि दुसऱ्या जातीला दुप्पट.

आता दिवसांकडे वळू. काढणीनंतर पिकण्याची क्षमता असलेल्या फळांत आंबा मोडतो. झाडावर पूर्ण वाढ झालेले हिरवे फळ तोडल्यावर ते स्वतःच इथिलीन वायू तयार करते. त्या वायूच्या प्रभावाने पिष्टाची साखर होऊ लागते, आम्लता उतरते, गर मऊ पडतो आणि गंध सुटतो. ही क्रिया एकदा वेगात आली की थांबवता येत नाही, फक्त मंदावता येते. साधारण २० ते २५ अंश सेल्सियसच्या खोलीत पूर्ण वाढलेला टणक आंबा खाण्याजोगा व्हायला पाच ते आठ दिवस घेतो. देठाजवळ किंचित नरम झालेल्या आणि रंग वळू लागलेल्या फळाला दोन ते तीन दिवस लागतात. खोली जितकी गरम, तितके हे दिवस कमी होतात. मात्र पारा तिशीच्या वर राहिला तर गर नरम होऊनही सालीचा रंग ठिगळांसारखा येतो आणि स्वाद मागे पडतो.

यावरून माझा सल्ला असा की सगळे आंबे एका दिवशी, एकाच अवस्थेत आणू नयेत. रविवारसाठी निम्मे आंबे आदल्या रविवारी किंवा सोमवारी टणक, पण पूर्ण वाढलेले घ्यावेत आणि उरलेले गुरुवारी अर्धवट पिकलेले घ्यावेत. पहिल्या खेपेतील काही फळे शुक्रवारीच तयार झाली तर ती फ्रिजमध्ये ठेवून रविवारपर्यंत सहज धरता येतात; मागे राहिलेल्यांना घाई कशी लावायची, ते पुढे येईलच. हा शहाणपणा मला पुस्तकातून मिळालेला नाही. काही वर्षांपूर्वी घरच्या एका कार्यक्रमासाठी मी मोठ्या आत्मविश्वासाने चाळीस आंबे एकाच दिवशी, एकसारखे टणक पाहून आणले आणि कागदात गुंडाळून ठेवले. त्या आठवड्यात उकाडा अचानक वाढला. गुरुवारी रात्री खोलीत शिरलो तेव्हा गोड वासाखाली ताडीसारखा एक आंबूस वास जाणवला. कागद उलगडत गेलो, तर अकरा फळे देठाकडून तपकिरी होऊन बसली होती आणि सर्वांत खालच्या थरातल्या दोघांचा रस कागदातून फरशीवर उतरला होता. त्यानंतर मी आंबे कधीही एकावर एक रचले नाहीत आणि त्यांना रोज एकदा हाताळून पाहिल्यावाचून राहिलो नाही.

प्रश्न : लालसर, चकचकीत आंबे पाहून घेतले, तर ते आंबट निघाले, शेजारणीने आणलेले हिरवट आणि दिसायला सामान्य आंबे मात्र गोड होते. मग निवड कशावरून करावी?

लाली हा पिकण्याचा पुरावा नव्हे. फळाच्या ज्या बाजूवर ऊन पडते तिथे अँथोसायनिन नावाचे रंगद्रव्य तयार होते आणि खांद्यावर लाल छटा चढते. आतला गर तेव्हा पूर्ण कच्चा असू शकतो. जगभर विकल्या जाणाऱ्या टॉमी अॅटकिन्स या जातीचे फळ दिसायला फार आकर्षक आणि टिकाऊ असते, पण त्यात धागे बरेच असतात आणि गोडी बेताची. याउलट कीट जातीचा आंबा पिकल्यावरही बहुतांश हिरवाच राहतो, लंगड्याचेही तसेच. हापूस, केसर किंवा मेक्सिकोतील आताउल्फो यांचा मात्र रंग वळतो आणि तो पिवळा-केशरी होणे ही खूण मानता येते. थोडक्यात, रंगाचा नियम जातीगणिक बदलतो, त्यामुळे जात ठाऊक नसेल तर रंगावर विसंबू नये.

मी पाहतो ती पहिली जागा म्हणजे देठ आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे खांदे. कोवळ्या फळाचे खांदे उतरते असतात आणि देठ टोकावर बसल्यासारखा दिसतो. फळ पूर्ण भरले की खांदे वर येतात, देठाच्या पातळीला पोहोचतात किंवा ती ओलांडतात, आणि देठ एका उथळ खळग्यात बसतो. फळाचे पोट फुगीर होते, चोच गोलावते आणि सालीवरचे बारीक ठिपके ठळक दिसू लागतात. ही भरलेली फळे टणक असली तरी निर्धास्तपणे घ्यावीत. खांदे उतरलेले, चपटे, गडद हिरवे फळ स्वस्तात मिळाले तरी सोडून द्यावे, कारण कोवळे तोडलेले फळ कशातही गुंडाळले तरी गोड होत नाही. ते सुकते, चामट होते आणि बेचव आंबट राहते. आपल्या त्या आंबट आंब्यांच्या बाबतीत हेच घडले असावे.

दुसरी पारख नाकाची. देठ नाकाशी धरून वास घ्यावा. गोड, भरीव वास आला तर फळ एक-दोन दिवसांत खाण्याजोगे आहे. काहीच वास नसेल तर अजून अवकाश आहे. आंबूस किंवा दारूसारखा वास आला तर वेळ टळली आहे. काही जातींना मुळातच वास कमी असतो, तिथे ही परीक्षा लंगडी पडते. तिसरी पारख वजनाची : सारख्या आकाराच्या दोन फळांतले जड वाटेल ते घ्यावे. अंगठ्याने दाबून पाहण्याची सवय मात्र सोडावी. दाबलेल्या जागी दोन दिवसांनी गर काळवंडतो, आणि ते फळ आपण न घेतल्यास पुढच्या गिऱ्हाइकाच्या माथी जाते. फळ तळहातावर घेऊन सगळ्या बोटांनी हलकेच कवळले की नरमपणा तेवढ्यातच कळतो.

सुरकुत्यांविषयीही एक गैरसमज आहे. पिकून पिवळ्या झालेल्या आताउल्फोवर किंवा हापुसावर किंचित सुरकुती आली असेल तर तो दोष मानू नये. बहुधा गोडी तेव्हा पूर्ण भरात असते. हिरव्या फळाची साल सुरकुतली असेल तर ते कोवळेपणी तोडलेले आहे. देठाभोवती पसरलेला मऊ तपकिरी डाग किंवा सालीवरचे खोलगट काळे ठिपके बुरशीचे असतात आणि फळ पिकते तसे तेही वाढतात. असे फळ त्याच दिवशी खायचे असेल तरच घ्यावे.

प्रश्न : आंबा पाण्यात टाकल्यावर तरंगला तर तो कार्बाईडने पिकवलेला आणि बुडाला तर नैसर्गिक, असे सांगणारी चित्रफीत आमच्या गटात सर्वांनी पाहिली. हे खरे आहे का?

नाही. पाण्याची परीक्षा खरी आहे, पण ती वेगळ्या गोष्टीची. फळ भरत जाते तशी त्याची घनता वाढते. पूर्ण वाढलेला आंबा पाण्याहून किंचित जड होतो आणि बुडतो, कोवळा आंबा तरंगतो. बागायतदार आणि निर्यातदार फळांची प्रतवारी करताना या गुणाचा उपयोग करतात. कोवळा आंबा कार्बाईडने पिकवलेला असू शकतो, हे खरे. पण पूर्ण वाढलेला, बुडणारा आंबादेखील कार्बाईडने पिकवता येतो. पाणी त्याविषयी काहीच सांगत नाही.

कॅल्शियम कार्बाईडचा ओलाव्याशी संबंध आला की अॅसिटिलीन वायू निघतो आणि तो इथिलीनसारखे काम करतो. औद्योगिक कार्बाईडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात, हा त्यातला मुख्य धोका. भारतात फळे पिकवण्यासाठी त्याचा वापर करण्यास २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई आहे. त्याऐवजी बंद खोलीत १०० पीपीएमपर्यंत (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत) इथिलीन वायू वापरण्यास परवानगी आहे. हा वायू फळ स्वतःच तयार करते तोच असल्याने इथिलीनने पिकवलेल्या आंब्याला ‘कृत्रिम’ म्हणून नाकारण्याचे कारण नाही. घरच्या घरी संशय कधी घ्यावा? सालीचा रंग सगळीकडे एकसारखा भडक पिवळा, देठाजवळ वास नाही, आणि चिरल्यावर कोयीजवळचा गर पांढरट, टणक व आंबट, असे तिन्ही एकत्र आढळले तर फळ घाईने पिकवले गेले आहे, एवढे म्हणता येते. त्यासाठी कोणते रसायन वापरले, हे प्रयोगशाळेशिवाय सांगता येत नाही. पूर्ण टणक फळ घेऊन घरी पिकवणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

प्रश्न : टणक आंबे खराब होऊ नयेत म्हणून फ्रिजमध्ये ठेवले. चार दिवसांनी बाहेर काढल्यावर ते मऊ झाले, परंतु गोड झाले नाहीत आणि सालीवर करडे डाग पडले. काय चुकले?

फ्रिज चुकला नाही, वेळ चुकली. आंबा उष्ण प्रदेशातले फळ आहे आणि साधारण १० ते १३ अंश सेल्सियसच्या खाली कच्च्या फळाला थंडी बाधते. घरच्या फ्रिजमध्ये ४ ते ५ अंश असतात. त्या थंडीत पेशींचे आवरण दुखावते, पिकण्याची साखळी मध्येच तुटते आणि फळ बाहेर आले तरी ती पुन्हा नीट जुळत नाही. करडी साल, खोलगट ठिपके, काही भाग नरम तर काही टणक, आणि स्वाद फिका, ही सगळी त्या शीतबाधेची लक्षणे आहेत. असे आंबे खाण्यास अपायकारक नसतात; मीठ-मसाला घालून किंवा साखरेत शिजवून ते मार्गी लावावेत.

पूर्ण पिकलेल्या आंब्याचे गणित निराळे आहे. त्याचे सगळे काम झालेले असल्याने तीन-चार दिवसांच्या थंडीने त्याचे फारसे बिघडत नाही. म्हणून आधी बाहेर पिकवावे आणि मगच फ्रिजमध्ये ठेवावे. ठेवताना फळे कोरडी असावीत आणि काकडी व पालेभाज्यांपासून दूर असावीत, कारण आंब्याच्या इथिलीनने त्या लवकर पिवळ्या पडतात.

प्रश्न : आंबे लवकर पिकवण्यासाठी घरगुती उपाय कोणता? तांदळाच्या डब्यात ठेवलेले बरे की कागदात?

तत्त्व एकच : फळाने सोडलेला इथिलीन त्याच्याभोवती टिकवायचा आणि ओलावा मात्र बाहेर जाऊ द्यायचा. कागदी पिशवी, वर्तमानपत्र, पेंढ्याची अढी, तांदळाचा डबा, सगळ्यांत हेच होते. तांदळात फळ झाकले गेल्याने ते रोज पाहिले जात नाही, एवढाच माझा त्यावर आक्षेप. कागदी पिशवीत आंब्यांसोबत एक पिकलेले केळे ठेवले तर त्याच्याही इथिलीनची भर पडते आणि एक-दोन दिवस वाचतात. प्लॅस्टिकची बंद पिशवी कधीही वापरू नये. तिच्यात वाफ साठते, हवा कोंडते आणि फळ पिकण्याऐवजी आंबते.

प्रश्न : बाहेरून निर्दोष दिसणारा हापूस चिरला की आत पांढरट, भुसभुशीत भाग निघतो. पाहुण्यांसमोर फजिती होते. हे आधी ओळखता येते का?

याला साका म्हणतात. हापूस ही जात त्याला विशेष बळी पडते आणि दुर्दैवाने बाहेरून त्याची कोणतीही खूण नसते. रंग, वास, नरमपणा, सारे ठीक असते. क्ष-किरणांनी तो ओळखता येतो, पण तो उपाय स्वयंपाकघरातला नव्हे. काढणीनंतर फळे तापलेल्या जमिनीवर किंवा उन्हात पडून राहिली तर साका वाढतो, आणि झाडावर फार उशिरापर्यंत राहिलेल्या फळांतही तो अधिक आढळतो. साका आरोग्यास घातक नाही. त्या भागाला चव नसते आणि थोडा आंबूसपणा असतो. तेवढा भाग काढून उरलेला गर वापरता येतो.

फजिती टाळण्याचा मार्ग व्यवहारातला आहे. आंबे पाहुण्यांपुढे न चिरता आत चिरावेत आणि दहा टक्के फळे राखीव ठेवावीत. अखंड आंबे टोपलीत मांडून ‘घ्या, चोखा’ म्हणण्याचा मोह असेल तर साका न धरणारी एखादी रसाळ जात निवडावी. कोयीत शिरणारा भुंगा ही आणखी एक तक्रार एका पत्रात होती. कोयीला भोक आणि आत काळपट कीड दिसली तरी ती सहसा कोयीतच राहते आणि गर खाता येतो. फळमाशीचे मात्र तसे नसते. तिच्या अळ्या गरातच वाढतात, त्यामुळे सालीवर सुईने टोचल्यासारखा ठिपका आणि त्याभोवती मऊ भाग दिसला तर ते फळ बाजूला काढावे.

प्रश्न : आंबा चिरून मांडण्याची योग्य पद्धत कोणती? बागेत, मोकळ्या हवेत सायंकाळी मेजवानी आहे. फोडी किती आधी करून ठेवता येतील?

चिरण्यापूर्वी आंबे अर्धा तास पाण्यात ठेवावेत. यामागे ‘उष्णता जाते’ असे कारण सांगितले जाते. साल अखंड असताना अर्ध्या तासात पाणी गरापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे आत काही बदलते असे मी म्हणणार नाही. परंतु देठाचा चीक आणि धूळ सुटते, फळ थोडे निवते, आणि तेवढे कारण मला पुरेसे आहे. त्यानंतर वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे आणि पुसून कोरडे करावे. साल खायची नसली तरी हे आवश्यक आहे, कारण सुरी सालीवरचे जंतू थेट गरात नेते.

आता सुरी. आंब्याची कोय चपटी असते आणि ती फळाच्या रुंद बाजूंना समांतर बसलेली असते, ही एक गोष्ट लक्षात ठेवली की निम्मे काम झाले. देठाकडून पातळ चकती कापून फळाला बसायला सपाट बूड करावे आणि ते त्या बुडावर उभे करावे. वरून पाहिले की फळ लांबट दिसते. त्या लांबट आकाराची मधली रेघ म्हणजे कोयीची जागा. रेघेच्या एका बाजूला साधारण अर्धा ते पाऊण सेंटीमीटर सोडून सुरी सरळ खाली न्यावी. वाटेत ती करकरली तर कोय लागली आहे असे समजून सुरी किंचित बाहेर वळवावी. दुसऱ्या बाजूलाही तसेच केले की दोन मोठे, वाटीसारखे काप मिळतात. सालीपर्यंत पोहोचतील, पण साल तोडणार नाहीत अशा उभ्या-आडव्या चिरा देऊन काप उलटा फिरवला की फोडी वर येतात. हा प्रकार दिसतो सुंदर, पण उभ्याने गप्पा मारणाऱ्या माणसाला तो खाताना हनुवटीवर रस घेऊन फिरावे लागते. मोठ्या जमावासाठी चमच्याने गर सालीतून अखंड सोडवून दोन सेंटीमीटरच्या फोडी कराव्यात आणि सोबत छोटे काटे ठेवावेत.

रेषाळ आंबा असेल तर एक युक्ती करावी. धागे कोयीपासून निघतात आणि फळाच्या लांबीच्या दिशेने जास्त जाणवतात. अशा आंब्याचे लांब काप न करता आडवे, पातळ तुकडे करावेत. धागे तुकड्यांतच तुटतात आणि दातांत अडकत नाहीत. फारच रेषाळ असेल तर फोडींचा नाद सोडून रस काढावा आणि चाळणीतून गाळावा.

किती आधी चिरावे? झाकण असलेल्या भांड्यात, फ्रिजमध्ये, चार-पाच तास आधी केलेल्या फोडी चांगल्या राहतात. सफरचंदासारखा आंबा मिनिटांत काळा पडत नाही; तरीही वर लिंबाचे थोडे थेंब शिंपडले तर रंग टिकतो आणि अतिगोड फळाला धार येते. मीठ किंवा साखर आधी घालू नये, फोडींना पाणी सुटते. बाहेर मांडल्यावर मात्र घड्याळाकडे पाहावे : चिरलेले फळ सर्वसाधारण तापमानात दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकाच तासात उचलावे. बागेत माझी पद्धत अशी की उथळ परातीत बर्फ पसरून त्यावर लहान वाडगे ठेवायचे आणि ते रिकामे होतील तसे आतून भरलेले नवे वाडगे आणायचे. अर्धवट रिकाम्या वाडग्यात नव्या फोडी ओतू नयेत, कारण जुन्या फोडी तळाशी राहून संध्याकाळभर तापत राहतात.

थंडपणाचाही अतिरेक नको. फार गार केलेल्या आंब्याचा गंध दबतो आणि जिभेला गोडीही कमी लागते. फ्रिजमधून काढल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी तो खरा बोलू लागतो. बर्फावर ठेवलेल्या वाडग्यातून पाहुण्याच्या बशीत येईपर्यंत तेवढा वेळ आपोआप जातो.

प्रश्न : आंबा खाल्ल्यावर माझ्या मुलीच्या ओठांभोवती पुरळ येते. तिने आंबा पूर्ण बंद करावा का?

बहुधा गर नव्हे, चीक आणि साल दोषी आहे. आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडे आहेत. बिब्बा उतणे म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या कुळाच्या चिकाची ताकद सांगायला नको. आंब्याच्या चिकात आणि सालीत रिसॉर्सिनॉल गटातील द्रव्ये असतात आणि काहींच्या त्वचेला ती सोसत नाहीत. पुरळ लगेच न येता एक-दोन दिवसांनीही येऊ शकते. दुसऱ्या कोणी नीट धुऊन, सोलून, जाडसर साल काढून दिलेल्या फोडी काट्याने खाल्ल्यास अनेकांना त्रास होत नाही. आंबा चोखून खाणे आणि सालीचा गर दातांनी ओरबाडणे मात्र तिने टाळावे. ओठ किंवा घसा सुजणे, श्वास लागणे, अंगभर गांधी उठणे यांपैकी काही झाले असेल तर हा प्रयोग घरी करू नये. आधी डॉक्टरांना दाखवावे. मेजवानीत अनोळखी पाहुणे असतील तर सोललेल्या फोडीच द्याव्यात, हे त्यासाठीही बरे.

प्रश्न : पाहुण्यांत दोघे मधुमेही आहेत. त्यांना आंबा द्यावा की नाही?

ते आपण ठरवू नये आणि आग्रहही करू नये. १०० ग्रॅम आंब्याच्या गरात साधारण १४ ग्रॅम साखर आणि ६० किलोकॅलरी असतात. म्हणजे वर धरलेल्या १५० ग्रॅमच्या वाडग्यात वीस ग्रॅमच्या आसपास साखर झाली. अर्ध्या मापाचे काही वाडगे वेगळे मांडून ठेवावेत आणि फोडी द्याव्यात, साखर घातलेला रस नव्हे. त्यांच्या आहाराचे प्रमाण त्यांना आणि त्यांच्या डॉक्टरांना ठाऊक असते. लहान वाडगा समोर असला की कुणाला काही समजावून सांगत बसावे लागत नाही.

प्रश्न : उरलेले आंबे कसे साठवावेत?

बाहेर मांडून उरलेल्या फोडी साठवू नयेत. आतच राहिलेल्या, फ्रिजमधल्या फोडी झाकून दोन-तीन दिवस वापरता येतात. पूर्ण पिकलेली अखंड फळे उरली असतील तर ती त्याच रात्री सोलून फोडी कराव्यात, ताटात एकमेकींना न चिकटतील अशा पसरून गोठवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी पिशवीत भराव्यात. उणे १८ अंशांवर त्या काही महिने चांगल्या राहतात. गोठलेली फोड वितळल्यावर लिबलिबीत होते, त्यामुळे ती पुन्हा फोड म्हणून पुढे करू नये, मिक्सरमध्ये फिरवावी. रस गोठवायचा असेल तर पिशव्या सपाट भराव्यात आणि वरती थोडी जागा मोकळी सोडावी, कारण गोठताना रस फुगतो. प्रत्येक पिशवीवर तारीख घालावी आणि जातही लिहावी. मी एकदा नुसती तारीख लिहिली होती. तीन महिन्यांनी त्यातली सर्वांत आंबट जात नेमकी एका वाढदिवसाच्या आइस्क्रीममध्ये गेली.